मांडवीत जुने जहाज आणण्यापूर्वी

निवृत्त झालेले एखादे प्रवासी जहाज आणून पणजीला मांडवीच्या काठी कायमचे बांधावे, त्यात संग्रहालय आणि हॉटेल करावे, म्हणजे कॅसिनोंना सभ्य पर्याय उभा राहील, असे गोव्यातील माझ्या आप्तांपैकी अनेकांना वाटते. मी दुबईत राहत असल्यामुळे माझे मतही विचारले जाते, कारण इथल्या रशीद बंदरात ‘क्वीन एलिझाबेथ 2’ नेमकी त्याच कामासाठी उभी आहे. माझे मत असे की, जहाज आणणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या गोदीत बांधलेल्या या बोटीचे जलावतरण 1967 मध्ये झाले आणि 1969 मध्ये ती पहिल्या प्रवासाला निघाली. 1982 च्या फॉकलंड युद्धात तिने सैनिक नेले. पुढे तिची वाफेची यंत्रे काढून डिझेल इंजिने बसवली, म्हणून ती आणखी वीस वर्षे धावली. दुबईतील सरकारी गुंतवणूक कंपनीने ती 10 कोटी डॉलरना घेतली, पण नोव्हेंबर 2008 मध्ये ती इथे पोहोचली तेव्हा जगभर मंदी पसरली होती. पाम जुमेराजवळच्या आलिशान हॉटेलची योजना बारगळली आणि बोट जवळजवळ दहा वर्षे धक्क्याला नुसती उभी राहिली. हॉटेल उघडले ते 2018 च्या एप्रिलमध्ये. आज आतल्या लांबलचक मार्गिकेत उभे राहिले की पायाखालची जमीन पुढच्या टोकाकडे हळूहळू चढत गेलेली दिसते, आणि ही इमारत नव्हे, समुद्रासाठी घडवलेली वस्तू आहे, हे लगेच जाणवते. ते पाहून मला मनापासून आनंद होतो. मात्र त्या दहा वर्षांचा भार दुबईच्या तिजोरीने सोसला, हे विसरता येत नाही.

कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराने 1967 मध्ये ‘क्वीन मेरी’ ही प्रवासी बोट घेतली, तीही खनिज तेलाच्या उत्पन्नाच्या बळावर. त्यानंतर चालवणाऱ्या कंपन्या एकामागून एक बदलल्या, 2021 मध्ये शेवटची दिवाळखोरीत गेली आणि बोट पुन्हा शहराच्याच गळ्यात पडली. खाऱ्या पाण्यात पोलाद झिजत राहते. तिकीटविक्री मंदावली म्हणून गंज थांबत नाही.

आपल्याकडचा अनुभव तर याहून कडू आहे. 2000 च्या जूनमध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ हटवायला सुमारे बारा वर्षे लागली, आणि तेवढा काळ ती वाळूत कुजत राहिली. 2017 च्या पावसाळ्यात एक कॅसिनो जहाज मिरामारला वाळूत अडकले. मुंबईत ‘विक्रांत’ ही नौदलाची जुनी विमानवाहू नौका काही वर्षे संग्रहालय म्हणून टिकली, पण 2014 मध्ये ती मोडीत निघाली. म्हणून जहाज कोणते घ्यावे यावर वाद घालण्याआधी दरवर्षीच्या डागडुजीचा पैसा कोणत्या खात्यातून येणार आणि चालवणारा पळाला तर ती बोट ओढून नेण्याची अनामत कोणाकडे असणार, हे लेखी ठरले पाहिजे. ते ठरत नसेल तर माझा या कल्पनेला स्पष्ट विरोध आहे.

शिवाय परक्या बोटीत आपण सांगणार काय? मुंबई ते पणजी धावणाऱ्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी किती कुटुंबांना पोटापाण्याला नेले! डेकवर चटई पसरून जागा धरायची, ट्रंक उशाशी घ्यायची आणि काही बंदरांवर भर समुद्रात बोटीतून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचे, हे आमच्या आईच्या पिढीने अनुभवले. मुंबईच्या कुडांत, म्हणजे गोव्यातील गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, राहून परदेशी बोटींवर चाकरीला गेलेले गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, हा तर वेगळाच अध्याय आहे. या लोकांपैकी काही अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला, त्यांची सेवापुस्तके, तिकिटे आणि छायाचित्रे पणजीच्या जुन्या धक्क्याजवळ दोन खोल्यांत मांडायला जहाजाच्या एका वर्षाच्या रंगाइतकाही खर्च येणार नाही, आणि हे काम सरकारने या वर्षीच हाती घ्यावे.