गाडी सर्व्हिसिंगला गेली होती म्हणे

आज भाऊबीज. सकाळी पावणेनऊला गोरेगावहून निघाले, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेवर गेले, बदलापूरला आत्याकडे जेवले आणि रात्री साडेनऊला घरी पोहोचले. आता पाय कोमट पाण्यात सोडून हे लिहिते आहे. दमले आहे म्हणून लिहीत नाही. दमणे नेहमीचेच आहे. चिडले आहे म्हणून लिहिते आहे.

आत्याने आज दोन पाट मांडले होते. एक माझ्यासाठी आणि एक धाकट्या काकांसाठी. माझे वडील गेल्यापासून त्यांच्या पाटावर ती मला बसवते आणि 'बापाच्या वाटणीची ओवाळणी टाक' म्हणून तबक पुढे करते; भाचीला कुठे भाऊबीजेला ओवाळतात का, असे शेजारणी विचारतात, त्यांना ती उत्तर देत नाही. तर दोन पाट, दोन रांगोळ्या, निरांजनात वात तयार, आणि दीडच्या सुमारास कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या चुलतभावाचा मेसेज आला की, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे, अजून मिळालेली नाही, त्यामुळे बाबांना आणता येत नाही, आत्याला नमस्कार सांगा. खाली हात जोडलेल्या तीन इमोजी. मी तो मेसेज आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली, "असू दे, गाडीच नाही तर तो बिचारा काय करणार," आणि दुसरा पाट उचलून तिने भिंतीला टेकवून ठेवला. त्या पाटाखालची रांगोळी मात्र संध्याकाळपर्यंत तशीच होती.

काका मुलुंडला राहतात. मी पुन्हा लिहिते, मुलुंडला. मुलुंड आणि बदलापूर ही दोन्ही स्थानके एकाच मार्गावर आहेत, दोहोंमध्ये जेमतेम सदतीस किलोमीटर अंतर आहे, मुलुंडहून स्लो पकडून ठाण्याला उतरायचे, तिथे बदलापूर किंवा कर्जत फास्ट घ्यायची, की तासाभरात माणूस आत्याच्या दारात असतो. मी पश्चिम रेल्वेवरून दोन गाड्या बदलून, दादरचा तो जिना चढून, हातात फराळाची पिशवी आणि सोनचाफ्याची पुडी सांभाळत पोहोचते, आणि ज्यांच्या घरापासून स्टेशन चालत सात मिनिटांवर आहे त्यांना सख्ख्या बहिणीकडे जाता येत नाही, कारण गाडी गॅरेजमध्ये आहे! मराठीत आपण लोकललाही 'गाडी'च म्हणतो, पण माझ्या चुलतभावाच्या बोलण्यात त्या शब्दाचा एकच अर्थ शिल्लक राहिलेला आहे.

तो हे वाचेल कदाचित. वाचू दे.

त्याला आठवत नसेल, तेव्हा तो शाळेत होता, म्हणून सांगते. १९९७ साली माझे वडील परळच्या एका रुग्णालयात एकोणीस दिवस होते. त्या एकोणीसही दिवशी आत्या बदलापूरहून डबा घेऊन आली. पहाटे उठून मुगाची खिचडी, ताकातली कढी आणि एखादी मऊ भाजी करायची, तीन पुडांचा स्टीलचा डबा रुमालात बांधायचा, सहाच्या पुढेमागे लोकल धरायची, दादरला उतरून स्लोने परळला यायचे आणि दुपारी परत जायचे. एका बाजूने साधारण साठ किलोमीटर, म्हणजे दिवसाला एकशे वीस. तेव्हा तिची पन्नाशी उलटलेली होती, आणि घरी सासू अंथरुणाला होती. कुणी तिला 'ये' म्हटले नव्हते. माझ्या आईने तर दोन वेळा 'नका येऊ' म्हटले होते. आणि त्या डब्यातली अर्धी खिचडी रोज कुणाच्या पोटात जात होती? रात्रभर वडिलांच्या खाटेशेजारी बसणाऱ्या काकांच्या. हे काका विसरलेले नाहीत, याची मला खात्री आहे. त्यांना आणायचे ठरवणारा दुसराच आहे.

'बदलापूर म्हणजे किती लांब!' हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकते आहे, आणि ते नेहमी अशा सुरात म्हटले जाते की जणू आत्या हौसेने, हवा बदलायला म्हणून तिकडे गेली. आत्याचे यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर लालबाग-परळच्या किती घरांनी गाशा गुंडाळून कल्याणच्या पलीकडची वाट धरली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी आपापल्या घरात पाहिलेले आहे. आमच्या आतोबांना पुढे अंबरनाथच्या एका कारखान्यात काम मिळाले, चाळीतली खोली गेली आणि बदलापूरला दोन खोल्या झाल्या. तिथे विहिरीचे पाणी शेंदून भरावे लागे आणि सात वाजल्यानंतर बाहेर मिट्ट काळोख असे. ज्यांना या शहराने कडेला सारले, त्यांनाच आपण वर्षातून एकदा 'तुम्ही फार लांब राहता बुवा' असे ऐकवतो. त्यांनी काय करावे अशी अपेक्षा असते, दादरला घर घ्यावे?

बरे, गाडीने तरी हे लोक लवकर पोहोचतात का? मागच्या वर्षी हाच चुलतभाऊ काकांना गाडीने घेऊन आला होता. ऐरोली, महापे, शिळफाटा, काटई नाका असा प्रवास करून पावणेतीन तासांनी ते उतरले, तेव्हा काकांचे पाय सुजले होते आणि चुलतभावाचे तोंड. शिळफाट्याला पाऊण तास एकाच ट्रकच्या मागे उभे होतो, हे त्याने जेवताना तीन वेळा सांगितले आणि पार्किंग मिळत नाही म्हणून आइस्क्रीम न खाताच तो काकांना घेऊन निघून गेला. आत्या नंतर मला म्हणाली, "आला कधी आणि गेला कधी, कळलंच नाही गं."

आता कुणी म्हणेल, शहात्तर वर्षांच्या माणसाला लोकलच्या गर्दीत न्यायचे का? प्रश्न रास्त आहे, मान्य करते. गुडघे दुखणाऱ्याला जिने नकोसे होतात, सरकते जिने नेमके हवे त्या दिवशी बंद असतात. याच मार्गावर ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि माणसे जिवानिशी गेली, हे मी तरी विसरू शकत नाही; कल्याणच्या पुढे राहणाऱ्या लोकांना रोज ज्या गर्दीत कोंबले जाते, तिचे गुणगान करण्याइतकी मी निर्लज्ज नाही. पण ती सकाळची ऑफिसची वेळ असते. भाऊबीजेच्या दिवशी उलट्या दिशेने जाणाऱ्या गाडीत, दहाच्या सुमारास, काकांना खिडकी मिळाली असती. मी ठाण्याला उतरून त्यांचा हात धरला असता. मला फक्त एक फोन करायचा होता.

आणि भाऊबीजेची लोकल काय असते, हे गाडीच्या काचा वर करून बसणाऱ्यांना कळणार नाही. एरवी ऑफिसच्या पिशव्या आणि मोबाईलमध्ये खुपसलेल्या माना, एवढेच दिसते. आज बायकांच्या डब्यात काठापदराच्या साड्या, केसांत गजरे, मांडीवर करंज्यांचे डबे, नव्या फ्रॉकमध्ये घामाघूम झालेल्या मुली आणि 'तुझी वन्सं कुठं असते गं?' अशा चौकश्या चालल्या होत्या. डोंबिवलीला एक बाई उतरताना तिच्या पिशवीतून चिवडा सांडला, तर चौघींनी मिळून तिला उतरायला वाट करून दिली आणि पाचवीने पिशवीला गाठ मारून ती फलाटावर फेकली. मला कल्याणपर्यंत बसायला मिळाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कल्याणनंतर मिळाले. मग अंबरनाथच्या आसपास मलंगगड दिसतो, तिथे मी दरवर्षी उगाच मान वळवते.

ही सवय वडिलांची. भाऊबीजेला ते मला बरोबर नेत आणि दादरच्या फलाटावर इंडिकेटरखाली उभे करून परीक्षा घेत. 'एस' म्हणजे कर्जत, 'एन' म्हणजे कसारा, 'बी एल' म्हणजे आपली. "एस आणि एनमध्ये चुकलीस," ते म्हणत, "तर कल्याणला उतर. तिथेही झोपलीस तर टिटवाळ्याच्या गणपतीला नमस्कार करून परत ये, दुसरा इलाज नाही." त्यांच्या हातात आत्यासाठी सुक्या बोंबलांचे पुडके असे, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वर वर्तमानपत्र, आणि तरीही ठाण्यापर्यंत अख्ख्या डब्याला ते कळलेले असे. एकदा एका गृहस्थांनी नाक मुरडून विचारले, तर वडील म्हणाले, "बहिणीकडे चाललोय, ओवाळणी आहे." गृहस्थ हसले आणि त्यांनी सरकून मला चौथी सीट दिली. वडिलांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नाही. त्यांची भाऊबीज मात्र एकाच वर्षी चुकली, ते रुग्णालयात होते त्या वर्षी.

आणि त्या वर्षी आत्या आली. मी पुन्हा तिथेच येते आहे, पण काय करू? तिने मागे एकदा सांगितले होते की, पहिले तीन दिवस त्या सहाच्या लोकलमध्ये रोजच्या बायकांनी तिला बसू दिले नव्हते, कारण त्यांच्या जागा ठरलेल्या. चौथ्या दिवशी एकीने विचारले, 'रोज डबा कुणाला?' आत्याने सांगितले. त्यानंतर दादरपर्यंत तिची जागा ठरलेली होती, आणि जी उभी राहायची तिची पाळी त्या आपसात लावत. शेवटच्या दिवशी त्या बायकांनी वडिलांसाठी एक शहाळे पाठवले होते. त्या शहाळ्याचे पाणी मीच पाजले, मला ते आठवते. त्या बायकांपैकी एकीचेही नाव आत्याला माहीत नव्हते.

आता थोडे शांतपणे लिहिते, कारण मघाशी चहा घेतला. चुलतभाऊ वाईट माणूस नाही. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, त्या दिवशी लोकल बंद होत्या आणि रस्तेही पाण्याखाली होते. तेव्हा हाच मुलगा दिवसभर आत्याच्या शेजाऱ्यांना फोन करत होता आणि पाणी उतरल्याबरोबर गाडीत पिण्याच्या पाण्याचे बाटले, चादरी आणि मेणबत्त्या भरून तो सगळ्यांच्या आधी तिथे पोहोचला होता. मी दुसऱ्या दिवशी पोहोचले. गाडीचा उपयोग होतो, नाही असे मी म्हणत नाही. त्याच्या मनात आत्याबद्दल माया आहे, हे मला ठाऊक आहे. पण संकट आले की जाणारा माणूस सणाला मात्र गॅरेजवाल्याच्या फोनची वाट पाहत बसतो, आणि दीड वाजेपर्यंत वाट पाहून मग मेसेज करतो, याचा मला राग येतो. सकाळी आठला कळवले असते तर मी काकांना घेऊनच गेले असते. लोकलने न्यावे, हे त्याला सुचलेच नाही. त्याच्या लेखी ती वाट बंदच झालेली आहे, आणि बंद कधी झाली, हे त्याने पाहिलेही नसेल.

परत येताना आत्या रिक्षास्टँडपर्यंत सोडायला आली. ब्याऐंशी वर्षांची बाई, हातात काठी, आणि शेअर रिक्षात चौथी म्हणून मला बसवताना चालकाला दम देते, "स्टेशनला नीट सोड, पोर लांबून आलीय." मी बावन्न वर्षांची आहे. काकांसाठी तिने वेगळा डबा भरून दिला आहे, अनारसे आणि कडबोळी, आणि वर ओवाळणीच्या तबकातले कुंकू कागदाच्या पुडीत. हा डबा मुलुंडला मी कधी पोहोचवायचा, हे तिने विचारले नाही. जाईलच, असे तिने धरून चालले आहे.

इथवर लिहिले आणि काकांचा फोन आला. पावणेअकरा वाजले आहेत. इतक्या उशिरा ते कधी फोन करत नाहीत. आधी आवाज अगदी हळू होता, बहुधा बाल्कनीत जाऊन बोलत असावेत. आत्याची तब्येत विचारली, पाट मांडला होता का ते विचारले. मी खोटे बोलणार होते, पण हो म्हटले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तिला बोंबील नेतेस ना अजून?" मी म्हटले, नेते. मग म्हणाले, "या रविवारी लोकलचा मेगाब्लॉक कुठून कुठे आहे गं?"

मी म्हटले, शनिवारपर्यंत कळेल. माटुंगा ते मुलुंड असला तर आपल्याला त्याचा त्रास नाही, मी अकराच्या आत ठाण्याला पोहोचते, तुम्ही स्लोने या, मी फलाटावर थांबते. ते म्हणाले, "मग शनिवारी फोन कर. आणि याला काही सांगू नकोस, उगाच गाडी काढेल."

आता हे इथे लिहिले म्हणजे सांगितल्यासारखेच झाले. पण तो लांबलचक पोस्ट कधीच शेवटपर्यंत वाचत नाही.