पॅरिस हिल्टनच्या 'त्या' बनियनबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर दोन दिवसांपासून एक फोटो फिरतोय: हिल्टन हॉटेलवाल्या घराण्यातली अमेरिकन सेलिब्रिटी पॅरिस हिल्टन, अंगात पांढरं बनियन, त्यावर 'स्टॉप बीइंग पुअर', म्हणजे 'गरीब राहणं बंद करा'. खाली 'पैशाचा माज बघा!'

फोटो खरा, मजकूर बनावट. 2005 मध्ये लास वेगासला बहीण निकीच्या कपड्यांच्या कार्यक्रमात ती हे बनियन घालून गेली होती. त्यावर 'स्टॉप बीइंग डेस्परेट' असं होतं. कुणीतरी फक्त शेवटचा शब्द बदलला. 2021 मध्ये तिनं स्वतः व्हिडिओ टाकून हे सांगितलं, पण खोटा फोटो तोवर गावभर झाला होता.

'आजोबांच्या हॉटेलांवर जगते' हेही अर्धवटच. हॉटेलं काढली पणजोबा कॉनराड यांनी. आजोबा बॅरन यांनी तर 97 टक्के संपत्ती धर्मादाय संस्थेला देणार असं 2007 मध्येच जाहीर केलं. श्रीमंतीतच वाढली, यात वाद नाही. पण 2003 च्या 'द सिंपल लाइफ' या टीव्ही रिअ‍ॅलिटी शोनंतर परफ्यूमपासून डीजेपर्यंतचा धंदा तिनं स्वतः उभा केला.

ती आवडावी असा आग्रह नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाता खाता खुशाल नावं ठेवा, फक्त हा फोटो पुढे ढकलू नका.