उजनी मायनसमध्ये आणि वहिनीची भेंडी

जुळे सोलापुरात माझ्या भावाच्या कॉलनीत एक ओपन स्पेस आहे. इतकी वर्षं तिथं वेड्या बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा, आणि कुणाची काही तक्रार नव्हती. वहिनीनं आणि तिच्या चार मैत्रिणींनी तिथं सगळ्यांनी मिळून भाजीची बाग करायचं काढलं आणि एकदम सगळ्यांना ती जागा दिसायला लागली. काही जणांना पेव्हिंग ब्लॉक हवेत, गाड्या लावायला. बाकीचे म्हणतात, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, उजनी मायनसमध्ये गेलीय, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपलाय, आणि तुम्ही भेंडीला पाणी घालणार? मग वहिनीचा मला फोन. "तुमच्याकडं जर्मनीत असतंय की असलं काहीतरी. दोन ओळी लिहा, वन्सं."

दोन ओळींत बसत नाही म्हणून इथं लिहितेय.

मी लाइपझिगला राहते. हे 'असलं काहीतरी' ज्या नावानं ओळखलं जातं, ते नाव याच गावचं. श्रेबर नावाचे इथले डॉक्टर १८६१ मध्ये वारले. तीन वर्षांनी त्यांच्या नावानं संघ निघाला, तोही बागेसाठी नव्हे, मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून. मैदानाच्या कडेनं मुलांसाठी वाफे पाडले. मुलं व्हायची तशी कंटाळली, खुरपी आईबापांच्या हातात आली, आणि आता सगळा देश बागेच्या असल्या तुकड्यांना 'श्रेबरगार्टन' म्हणतो. भावाच्या कॉलनीतही शेवटी हेच होणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

इथून पाठवलेले हिरवेगार फोटो बघून लोकांना वाटतं, जर्मनांना निसर्गाची काय ती आवड! आवड असेलही, पण बाग चालते ती नियमांवर. १९८३ चा कायदाच आहे: तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नको, त्यातलं खोपटं २४ पेक्षा मोठं नको. साधारण तिसरा हिस्सा फळं-भाजीखाली हवा. नुसती हिरवळ लावून खुर्ची टाकून बसायचं नाही. माझाही इथं असा तुकडा आहे, आणि आमच्या बाग-संघाची मंडळी टेप घेऊन कुंपणाची उंची मोजतात. मला पहिल्याच वर्षी पत्र आलं होतं. दुपारी एक ते तीन आवाज बंद. (दुपारच्या झोपेचा इतका मान सोलापुरातही कुणी ठेवत नाही.) आणि प्रत्येकानं वर्षाकाठी ठरावीक तास सगळ्यांसाठी राबायचं. नाही राबलात, तर तासाचे पैसे भरा.

पाण्याचं म्हणाल, तर सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि लाइपझिगचाही फार पुढं नाही. तुम्ही सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत, आम्ही हार्त्स डोंगराच्या. फरक इतकाच की इथं तो बारा महिने थोडा थोडा पडतो आणि ऊन त्याला पिऊन टाकत नाही. तुमच्याकडं चार महिन्यांत पडून मोकळा, पुढं नुसती भेगाळलेली काळी माती.

म्हणूनच वहिनीचं एक मला पटत नाही. तिला पाडव्याला सुरुवात करायचीय, कारण मुलांना सुट्ट्या. उन्हाळ्यात बाग फुलते ती इथं. तीसुद्धा ११ ते १५ मे हे 'बर्फाचे संत' गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावायचा नाही, असा इथला रिवाज. मी सोलापूरची पोर, मे महिन्यात कसली थंडी म्हणून हसले होते. एका रात्रीत वीस रोपं काळी पडली. त्याच मेमध्ये सोलापुरात पारा त्रेचाळीसवर. तिथं नवं लावायचं नाही, आहे ते जगवायचं: शेवगा, कढीपत्ता, मोगरा. वर हिरवी जाळी, बुडाशी उसाचं पाचट. खरी बाग मृगानंतर धरा. दोडका, गवार, अंबाडी, मग थंडीत मेथी-वांगी, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत चंगळ.

विरोधकांचं निम्मं खरं आहे. पिण्याचं पाणी बागेला नकोच. पण तांदूळ-डाळीचं, भाज्या धुतलेलं पाणी तीस घरांतून रोज गटारात जातं, त्याचं काय? फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र भाजीला नको, त्यात क्षार जास्त, ते फरशीला ठीक. आळ्यात मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं की ते आपलं झिरपत राहतं; आमची आजी जाईला असंच पाणी देत असे, त्याला कुणी पाण्याची नासाडी म्हणालं नाही. पेव्हिंग ब्लॉक घातलेत तर पावसाळ्यात जे चार थेंब मुरायचे तेही रस्त्यावर जाणार, आणि पुन्हा बोअर आटला म्हणून टँकरला फोन.

पण बाग मोडते ती पाण्यापायी नाही. पहिले पंधरा दिवस सगळे येतात, महिन्याभरात दोघी उरतात, त्या दोघी वैतागतात, आणि भेंडी तोडायला मात्र सगळी कॉलनी हजर. इथंही माणसं हीच, फक्त तासांची वही आहे. म्हणून मी वहिनीला लिहिलं: बियाणं नंतर आण, आधी वही आण. कोण किती तास राबलं ते मांड, आणि न राबणाऱ्याकडून पैसे घे.

तिचं उत्तर आलं: "वही मी घेते. पैसे मागायला तुम्ही या."