डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ कुणीही दिलेला नाही

‘फोर्ब्सने मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्मा दर्जा दिला, ६० लाख डब्यांत एकच चूक’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (सिक्स सिग्मा म्हणजे कामात चुका जवळजवळ शून्यावर आणण्याची व्यवस्थापनाची पद्धत.) १९९८ साली फोर्ब्स या अमेरिकी नियतकालिकात सुब्रत चक्रवर्ती यांचा लेख आला. चुका किती होतात, यावर डबेवाल्यांच्या संघटनेचे रघुनाथ मेदगे त्यांना म्हणाले होते, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादी. त्यावरून चक्रवर्तींनी हिशेब मांडला, बस. ना नोंदी तपासल्या, ना मोजणी झाली. सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. तरी व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हा आकडा संशोधन म्हणून सांगितला जातो, हे मला फार खटकतं. डबेवाल्यांवर खरा अभ्यास वाचायचा असेल तर हार्वर्ड बिझनेस स्कूलची २०१० सालची केस स्टडी आहे.