मैत्रीचं काय?

एकट्या पडलेल्या पोरांच्या सिनेमांवरचा तुमचा लेख वाचला. यादी छान आहे, पण सगळे सिनेमे बाहेरचे! आणि प्रेम मिळालं की एकटेपणा संपतो, हा सूर काही पटला नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' घ्या. वर्गातल्या शालूवर जीव जडलेल्या जब्याचं तिच्याशी धड बोलणंसुद्धा होत नाही. ती वश व्हावी म्हणून काळ्या चिमणीच्या मागे गलोल घेऊन रानोमाळ त्याच्यासोबत हिंडतो कोण? पिऱ्या. त्याला कशाचं देणंघेणं नाही, मित्र म्हणालाय ना, मग चला!

'सैराट' (2016) मध्ये प्रेम मिळतंच की, तरी हैदराबादला गेल्यावर आर्ची किती एकटी पडते. बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते तेव्हा भाषासुद्धा कळत नाही तिला. सोलापूर शहरातल्या आमच्या पूर्व भागात तेलुगू रोजच कानावर पडते, त्यामुळे ते प्रसंग इथं जरा जास्तच भिडले. आधार देणारी सुमनअक्का भेटते म्हणून निभावतं. पण चर्चा कुणाची, तर 'झिंगाट'ची!

'किल्ला' राहिलाच. वडील गेलेला चिन्मय, आईच्या बदलीचं गाव आणि तिथली ती वांड पोरं. प्रेमकथा नसूनही तो तुमच्या यादीत पहिला बसायला हवा होता.