त्रास सांगितला म्हणून पोलिसाची नोकरी पणाला लागू नये

पोलिसांच्या मानसिक ताणाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘माहीत होतं ना, कुठल्या नोकरीत चाललोय ते?’ आणि दुसरं, ‘व्यायाम करा, ध्यान करा, एखादा छंद लावून घ्या.’ पहिलं सरळसरळ निर्दयी आहे आणि दुसरं बोलायला गोड. पण दोन्हींतून निघतं तेच, तुझं तू बघ. मी समुपदेशक आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांत पोलीस बरेच असतात. या ‘तुझं तू बघ’चा मला मनापासून राग येतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

धोक्याच्या क्षणी शरीर आपलं काम चोख करतं. अॅड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, नजर समोरच्याच्या हातावर खिळते आणि कडेचं काही दिसेनासं होतं. कित्येकांना स्वतःच्याच पिस्तुलाचा आवाज ऐकू येत नाही. दोन सेकंदांची गोष्ट खूप वेळ चालल्यासारखी वाटते. नंतर आठवायला जावं तर काही तुकडे लख्ख आणि मधलं सगळं कोरं. पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचना याचसाठी सांगतात की गोळीबारात सापडलेल्या अधिकाऱ्याचा सविस्तर जबाब घेण्याआधी त्याला सावरायला थोडा वेळ द्या, निदान एक झोप होऊ द्या. जबाबात विसंगती दिसली म्हणजे माणूस खोटंच बोलतोय असं नसतं. त्याच्या मेंदूनं ती घटना त्या वेळी पूर्ण टिपलेलीच नसते.

हे सगळं काही मिनिटांत ओसरायला हवं. रोजच्या ड्यूटीत ते पूर्ण ओसरतच नाही, कारण पुढचा कॉल आलेला असतो. शरीर मग अर्धवट चढलेलंच राहतं. ड्यूटीवर प्रत्येकाच्या हातांकडे बघणं, दाराकडे तोंड करून बसणं, गाडी उभी करताना बाहेर पडायची वाट आधी हेरून ठेवणं या जीव वाचवणाऱ्या सवयी आहेत. तोच माणूस घरी आल्यावर मुलाच्या हातून ताट पडलं तरी ताडकन उठतो आणि ओरडतो. नंतर स्वतःच खजील होतो आणि कोपऱ्यात जाऊन गप्प बसतो. एका अधिकाऱ्याच्या पत्नीनं मला सांगितलं, ‘ते घरी येतात, पण कितीतरी वेळ पोचलेले नसतात.’ त्यात रात्रपाळी, मोडलेली झोप, लागोपाठच्या जादा ड्यूट्या. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पोलिसांचा वर्षानुवर्षं बारकाईनं अभ्यास झालाय. कमरेचा वाढलेला घेर, रक्तदाब, साखर यांचं एकत्र दुखणं, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम, आणि रात्रपाळी व अपुरी झोप यांचा संबंध त्यात दिसून आला. ताण मनापुरता राहत नाही, तो रक्तवाहिन्यांपर्यंत जातो.

बाहेरच्यांना वाटतं पोलिसाला आघात म्हणजे चकमक, दंगल, बॉम्ब. असतोच. पण ज्यानं माणसं आतून पोखरली जातात ते पुष्कळदा बातमीतसुद्धा येत नाही. एकाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. अपघातात गेलेल्या तरुणाच्या घरी कळवायला त्याला एकट्याला पाठवलं होतं. आईनं दार उघडलं. ‘तो क्लासला गेलाय, सहाला येईल, तेव्हा या,’ म्हणाली आणि दार लावायला लागली. त्यानं पुन्हा सांगितलं. ती चक्क हसली. ‘तुमचं घर चुकलंय,’ म्हणाली. तिसऱ्या वेळी त्याला शर्टाचं वर्णन करावं लागलं. निळा, बाहीवर पांढरी पट्टी. सकाळी तिनंच इस्त्री केलेला. मग ती दारातच खाली बसली आणि त्याचा पाय धरून म्हणाली, ‘नाही म्हणा ना.’ एकदा नाही म्हणा, एवढंच ती मागत होती. त्याला तेही म्हणता येईना. तिथून निघाल्यावर वीसेक मिनिटांत तो दुसऱ्या एका भांडणाच्या ठिकाणी उभा होता. नोंदवहीत त्या भेटीबद्दल दोन शब्द आहेत, ‘नातेवाइकांना कळवले’.

ही बातमी द्यायची पद्धत असते, ती शिकवता येते. समक्ष जाऊन सांगायचं, दोघांनी जायचं, आत बसून बोलायचं, ‘तब्येत गंभीर आहे’ असं गोलगोल न बोलता ‘मृत्यू झालाय’ हे स्पष्ट सांगायचं, आणि निघाल्यावर त्या दोघांना थोडा वेळ कुठल्याही कॉलला पाठवायचं नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही. लागतो तो ड्यूटी लावणाऱ्याचा विचार.

दुसरे असेच विसरले गेलेले लोक म्हणजे लहान मुलांवरच्या अत्याचारांची चित्रं आणि व्हिडिओ तपासणारे. ते ना घटनास्थळी जातात ना त्यांच्यावर कुणी धावून येतं. वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसलेल्या माणसाला कसला धोका, असं सहकारीसुद्धा म्हणतात. पण २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं निदानाच्या निकषांची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा आघाताच्या व्याख्येत हे स्पष्ट शब्दांत घातलं: कामाचा भाग म्हणून अशा भयंकर तपशिलांना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं हाही आघातच. उदाहरण म्हणून बालअत्याचाराचे तपशील वारंवार हाताळणाऱ्या पोलिसांचाच उल्लेख आहे. हे काम करणाऱ्यांनी आपापसांत काही शहाणपण जमवलंय. आधी आवाज बंद करून बघायचं, कारण आवाज जास्त चिकटतो. शक्य तिथे चित्र लहान आणि कृष्णधवल ठेवायचं. सलग बसायचं नाही, आणि ड्यूटी संपता संपता नवी फाइल उघडायची नाही, नाहीतर तेच डोळ्यांपुढे घेऊन घरी जावं लागतं. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो. हे शहाणपण त्यांना कुणी दिलेलं नाही, सोसून सोसून त्यांनी ते मिळवलंय. आता तरी ते नियमात यायला हवं.

‘आम्ही घटनेनंतर समुपदेशनाचं सत्र घेतो की!’ असं वरिष्ठ सांगतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी आपत्कालीन सेवांसाठी एक पद्धत मांडली. मोठ्या घटनेनंतर लगेचच सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते प्रत्येकाकडून बोलून घ्यायचं. ती जगभर पसरली, कारण तिनं काहीतरी केल्याचं समाधान मिळत होतं. मग तपासण्या झाल्या. ४ ऑक्टोबर १९९२ ला अॅमस्टरडॅमच्या बाइलमर भागात मालवाहू विमान रहिवासी इमारतींवर कोसळलं आणि ४३ जण गेले. तिथे काम केलेल्या पोलिसांचा पुढे अभ्यास झाला. दीड वर्षानंतर पाहिलं तर असं सत्र झालेले पोलीस न झालेल्यांपेक्षा बरे नव्हते, उलट दचकणं आणि सतत सावध राहणं यांसारखी लक्षणं त्यांच्यात जास्त होती. २००२ मध्ये अशा एकदाच घेतलेल्या सत्रांवरच्या सगळ्या चाचण्या कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासल्या गेल्या. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे लागून राहणारा मानसिक विकार, टाळायला ती उपयोगी पडतात याला आधार मिळाला नाही. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांनी तर ती सरसकट घेऊ नका असंच सांगितलं.

याचा अर्थ बोलू नये असा नाही. ज्याचं शरीर अजून थरथरतंय त्याच्याकडून सगळ्यांसमोर, साहेबांच्या हजेरीत, सक्तीनं बोलून घेऊ नये, एवढाच. त्या रात्री त्याला पाणी, ऊब, घरी एक फोन, सोबत कुणीतरी ओळखीचं आणि पुढे काय होणार याची खरी माहिती हवी असते. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं, ज्याला गप्प राहायचंय त्याला राहू द्यावं. पहिल्या दिवसांत झोप न येणं, तेच दृश्य दिसणं, चिडचिड होणं हे आजार नाही. बहुतेकांचं ते आपोआप निवळतं. महिना उलटूनही निवळलं नाही, उलट त्या रस्त्यानं जाणंच बंद झालं, कशातच रस उरला नाही, स्वप्नांच्या भीतीनं झोपायचं टाळलं जातंय किंवा झोपेसाठी दारू लागतेय, तर मात्र तज्ज्ञाकडे जायलाच हवं.

आणि उपचार आहेत, चांगले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये दोन मानसोपचारांची शिफारस केली. एक, आघातावर केंद्रित अशी विचार-वर्तन उपचारपद्धती, आणि दुसरा ईएमडीआर. ईएमडीआरमध्ये ती आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हालणाऱ्या बोटांबरोबर नजर फिरवायची असते. ऐकायला विचित्र वाटतं हे मान्य, पण पुरावा आहे. मला आणखी एक उपचार जवळचा वाटतो. डच मनोविकारतज्ज्ञ बर्थोल्ड गेरसन्स यांनी तो पोलिसांबरोबर काम करतानाच घडवला. त्यात पोलिसाला पत्र लिहायला सांगतात. त्या गुन्हेगाराला, एकट्याला पाठवणाऱ्या साहेबाला, कधी नशिबाला. मनातला सगळा राग कागदावर उतरवायचा, शिव्यांसकट. ते पत्र टपालात टाकायचं नसतं. राग दाबून ठेवणं हाच ज्यांच्या नोकरीचा भाग आहे, त्यांना हे किती लागू पडतं ते मी पाहिलंय.

एवढं सगळं असून माणूस माझ्यापर्यंत पोचतो तो दोन-चार वर्षं उशिरा, आणि तेही दुसऱ्या गावात येऊन, रोखीनं फी देऊन, ‘कुठे नोंद होणार नाही ना?’ विचारून. कारण त्याला ठाऊक असतं की सांगितलं तर पिस्तूल काढून घेतलं जाईल, टेबलवर बसवतील, बढतीच्या वेळी कुणीतरी ‘तो जरा हललाय’ म्हणेल. ही भीती त्याच्या डोक्यातली नाही, त्यानं हे दुसऱ्याच्या बाबतीत घडताना पाहिलेलं असतं. एखाद्या ठाण्याच्या भिंतीवर हेल्पलाइनचा नंबर असतो आणि त्याच ठाण्यात रजा मागायला गेलेल्याला सगळ्यांसमोर ‘एवढ्यात गळपटलास?’ ऐकावं लागतं. मग तो नंबर कोण फिरवणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. पोलिसांना मजबूत करायच्या योजना पुष्कळ झाल्या, आता बोलण्याची जी किंमत मोजावी लागते ती काढून टाका. जिथे ती कमी केली तिथे मार्ग निघालेत. ब्रिटनच्या नौदलातल्या रॉयल मरीन्स या सैनिकी दलात एक पद्धत सुरू झाली आणि तिथल्या अनेक पोलीस दलांनी ती उचलली. प्रशिक्षण घेतलेला सहकारीच, डॉक्टर नव्हे, घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी भेटतो, पुन्हा महिन्याभरानं भेटतो आणि फरक पडलाय का ते बघतो. पडला नसेल तर पुढे पाठवतो. तो आपल्यातलाच असतो, त्याला गणवेशाचं वजन माहीत असतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं २०१६ मध्ये कायदाच केला. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांतल्या माणसाला पीटीएसडी झाला तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं, ते सिद्ध करत बसायची जबाबदारी त्याच्यावर नाही. अमेरिकेत २०२२ च्या कायद्यानं कर्तव्यावरच्या आघातातून आलेला पीटीएसडी आणि त्यातून झालेली आत्महत्या यांना मृत्यू व अपंगत्वाच्या लाभांची दारं उघडली. सहा जानेवारी २०२१ ला संसदेवर हल्ला झाला, त्या दिवशी तैनात असलेल्या चार पोलीस अधिकाऱ्यांनी पुढच्या काही महिन्यांत आत्महत्या केली. तेव्हा हा प्रश्न टाळणं देशाला शक्यच राहिलं नव्हतं. कायदा यायला एवढं घडावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं.

कुणी विचारेल, पोलीस लोकांवर हात उचलतात, कोठडीत मारतात, त्याचं काय? ते अक्षम्यच आहे, आघात ही त्याची सबब होऊ शकत नाही. पण अनेक रात्री न झोपलेला, प्रत्येक हालचालीत हल्ला दिसणारा माणूस हातात अधिकार आणि शस्त्र देऊन रस्त्यावर उभा करणं नागरिकांसाठीही धोक्याचंच आहे. पोलिसाची काळजी आणि पोलिसाला जाब, दोन्ही एकाच वेळी मागता येतात. मी तरी दोन्ही मागते.

पोलिसांच्या घरच्यांसाठी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. घरात सेवेचं शस्त्र असेल आणि माणूस ‘आता कशाला जगायचं’ अशा भाषेत बोलत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, अचानक सगळ्यांचे निरोप घेत असेल, तर ‘जिवाचं काही करायचा विचार आहे का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि शस्त्र घरातून हलेल हे बघा. त्याच्याच विश्वासातल्या सहकाऱ्याला बोलावून ते जमा करता येतं. ठाण्याच्या प्रमुखांना माझी विनंती आहे की असं शस्त्र काही दिवसांसाठी ठेवून घ्यायची सोय करा, कारण विचारू नका, सेवापुस्तकात शेरा मारू नका, आणि तो बरा होऊन परत आला की डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते त्याच्या हातात परत द्या. परत मिळेल याची खात्री असेल, तरच तो ते वेळेवर आणून देईल.