पर्थमधून सुरजागडकडे बघताना

आमच्या ऑफिसात मोठी मीटिंग असली की आधी कुणीतरी उभं राहून सांगतं: आपण वाजुक नूंगार लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, त्यांच्या वाडवडिलांना वंदन. मग लॅपटॉप उघडतात आणि राज्याच्या उत्तरेकडच्या पिल्बरा भागातल्या लोहखनिजाचे आकडे सुरू होतात. माझा पगार त्याच खनिजातून येतो, हे आधीच सांगून टाकतो.

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरजागडचा विषय निघाला. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर म्हणजे माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचं ठाणं, आणि लोखंडाची खाण तिथेच. नागपूरच्या आतेभावाने लिहिलं, "देवाला दुसरीकडे छान देऊळ बांधून द्या की! तुझ्या ऑस्ट्रेलियात बघ, आदिवासींचा मानही राखतात आणि खाणीही चालवतात."

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्याला हिंजवडीला हलवू या म्हटलं, तर हाच दादा पहिला भांडायला उठेल. ते असो. मला टोचलं ते 'तुझ्या ऑस्ट्रेलियात'.

मे 2020 मध्ये याच पिल्बरात रिओ टिंटो या खाण कंपनीने जूकन घळीतल्या गुहा सुरुंग लावून उडवल्या. 46,000 वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या तिथे. पूटू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा लोकांची ती जागा. आणि सगळं कायदेशीर! 1972 च्या आदिवासी वारसा कायद्याखाली 2013 मध्येच परवानगी मिळालेली होती. बोभाटा झाल्यावर कंपनीचे बडे अधिकारी पायउतार झाले. जुलै 2023 पासून आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात वारसा जपणारा नवा कडक कायदा लागू झाला, आणि जमीनमालकांनी ओरड केल्यावर पाच-सहा आठवड्यांत सरकारने तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या माबो निकालाने 'ही भूमी कुणाचीच नव्हती' हे थोतांड मोडलं, हे खरंच मोठं काम. पण त्यातून आलेल्या कायद्यात मूळनिवासींना वाटाघाटींचा हक्क आहे, 'नाही' म्हणायचा नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या टिंबर क्रीक गावाच्या खटल्यात 2019 मध्ये त्याच न्यायालयाने भूमीशी नातं तुटल्याची भरपाई 13 लाख डॉलर ठरवली. नातं तुटून गेल्यावर!

आपल्याकडे निदान कागदावर तरी प्रश्न आधी विचारायचा असतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या आधारावर ओडिशातल्या नियमगिरीत 2013 साली 12 ग्रामसभांना विचारलं गेलं, बाराही 'नाही' म्हणाल्या, बॉक्साइटची खाण थांबली. मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तोही गडचिरोलीतच. इथलं वंदन आणि तिथला प्रश्न यांत निवडायचं झालं, तर मी प्रश्न निवडेन. सुरजागडच्या गावांना तो कुणी विचारला, कसा विचारला, यावर आमच्या ग्रुपवर एक ओळ नव्हती.

हे सगळं लिहून पाठवलं. दादाचा अंगठा आला.

उद्या नऊला मीटिंग आहे. वंदन म्हणायची पाळी माझी.